रोजचं वजन

बाणस्तारीच्या पुलावर एक सांधा आहे,
तो मला नावानं ओळखतो.
पुढचं चाक: टक्. मागचं: धाड्.
मग मागून, कागदी ट्रेंच्या थरांतून
बारीकसा आवाज,
कुणी ओठांतल्या ओठांत नाही म्हणावं तसा.
सहा गेली. कधी अकरा.

ऐंशी ट्रे, ट्रेमध्ये तीस,
पहाटे साडेचारला प्रियोळहून.
रायबंदरची एक बेकरी, पणजीतल्या चार.
मागची सीट काढून गोठ्यात ठेवली,
तिच्यावर आता कोंबड्या झोपतात.
गाडी नऊ वर्षांची, कंबरेतून खचलेली,
भरली की शेपटीवर बसलेल्या कुत्र्यासारखी दिसते.

माझा दीर मिथिल म्हणतो, दोन इंच उचल,
पिवळे शॉकअप घाल, जरा रुबाब येईल.
रुबाब कुठला बेकरीवाला डझनावर घेतो?

बॉस्त्यांव गाडीखाली शिरलाच नाही आधी.
शिंप्याची टेप काढली,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत:
रिकामी सेहेचाळीस, भरलेली त्रेचाळीस.
गॅरेजच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं.
"आतां सांग, फाटल्यान कितें व्हरता?"
अंडी, म्हटलं.
"तें हांवूंय जाणां. किलो सांग."

किलो मी कधी मोजलेच नव्हते.
डझन मोजले, फुटलेली मोजली, उधारी मोजली.

मग आठवडाभर लेकाच्या गणिताच्या वहीत
मागच्या पानापासून उलटं लिहीत गेले.
सोमवार, एकशेचाळीस.
मंगळवार जाताना तेवढंच,
येताना पुढं आई, बांबोळीहून, कंबरेला पट्टा,
मागं फक्त सुतळी आणि वारा.
गुरुवारी खाद्याची दोन पोती.
शनिवारी मांडी घालून चार भजनी, पेटी, पखवाज,
त्यांनी आपलं वजन सांगितलं ते मी धरलं नाही.

स्प्रिंग वजन पेलते, बॉस्त्यांव समजावत होता,
शॉकअप काही पेलत नाही,
तो तिला फक्त झोका आवरायला लावतो.
कडक स्प्रिंगला लेचापेचा शॉकअप म्हणजे
धिरयोतल्या रेड्याला सुतळी.

मिलिमीटरभर दबायला किती किलो, एवढाच हिशेब.
जुनीला अडीच, तेही एके काळी.
फळीवर एक निळी जोडी, चारची, मालवाहू.
एक काळी, तीनची, खोक्यावर नावसुद्धा नाही.
चारवर अंडी तरंगत जातील
आणि रिकामी परतताना आई आपले मणके मोजेल.
अडीचवर आई घोरेल,
पूल आपला हप्ता घेत राहील.
मी म्हटलं, नाताळच्या आधी केकसाठी दुप्पट जातात,
दहा दिवस, त्याचं काय?
"नाताळाचें वजन धरूं नाका," तो म्हणाला.
"सदांचें धर."

बेरीज केली, येणं धरून, जाणं धरून.
भाग दिला. तीन, वर थोडं काही उरलं,
ते तसंच सोडून दिलं.

काळी जोडी, तिच्या तोलाचे शॉकअप,
चिरकलेली रबरं नवी.
बिल वर्षभराच्या फुटक्या अंड्यांएवढं.

आज पुलावर टक्, आणि मग टुक्.
रायबंदरला थांबून बॅटरीनं थर न थर पाहिला.
एकही नाही.
येताना रिकामी जरा उडते, खोटं कशाला सांगू,
आईनं म्हाळसेचं नाव घेतलं, पण एकदाच.

रात्री लेकानं फडताळ उघडलं.
फुटक्यांची वाटी कुठाय?
तीन वर्षं आमच्याकडे आम्लेट
त्या सांध्याच्या कृपेनं होत होतं.
मी ट्रेमधलं एक उचललं, शाबूत,
दिव्याकडे धरून पाहिलं,
आणि तव्याच्या काठावर आपटायला
हातच वळेना.